चौथ्या दिवशीच तुटलेले टाके

तालुक्याच्या गावातील माझ्या दंतचिकित्सालयात खालची आडवी अक्कलदाढ काढून घेतलेले एक शेतकरी ठरलेल्या तारखेआधीच, चौथ्या दिवशी, कागदाच्या पुडीत जांभळ्या धाग्याचे दोन तुकडे घेऊन आले. "आठवड्याने या म्हणाला होतात, पण हे सकाळी चूळ भरताना हातात आले, डॉक्टर," असे त्यांनी किंचित तक्रारीच्या सुरात सांगितले.

टाका सुटतो तेव्हा एकतर गाठ सैल होते, किंवा धागा हिरडी कापत बाहेर येतो, किंवा धागाच तुटतो. येथे भिंगातून पाहता गाठीचे सर्व वेढे घट्ट होते, हिरडीत सुईची छिद्रेही शाबूत होती. तुटलेली टोके मात्र पिंजलेली होती, आणि जखमेत उरलेला तुकडा चिमट्याने जरा ओढताच कुजक्या सुतळीसारखा हातात आला.

धागा पॉलीग्लॅक्टिनचा, म्हणजे विरघळणारा होता. त्याची ७५ टक्के ताकद दोन आठवड्यांनी आणि ५० टक्के तीन आठवड्यांनी शिल्लक असते, असे माहितीपत्रक सांगते. परंतु हे आकडे उंदरांच्या कातडीखाली ठेवलेल्या धाग्याचे आहेत, आणि तेथे ना कढत चहा जातो, ना जीभ सतत टाक्याशी चाळा करते. तोंडातला धागा अहोरात्र लाळेत भिजलेला असतो, शिवाय तो विणलेला असल्यामुळे लाळ आणि जिवाणू त्याच्या तंतूंमध्येही शिरतात. हा धागा पाण्याच्या क्रियेने तुटत जातो आणि परिसर आम्लारीधर्मी असेल तर ती क्रिया वेगाने होते, हे ठाऊक असल्याने मी तंबाखूविषयी विचारले. "त्या बाजूला अजिबात ठेवली नाही, काका म्हणताय तर खरं सांगतो, पलीकडच्या गालात ठेवली," असे उत्तर मिळाले. पथ्य त्यांनी आपल्या परीने पाळले होते! तंबाखूत चुना मळतात तो निकोटिन लवकर शोषले जावे म्हणून, पण तोच चुना लाळेचा सामू वाढवतो आणि लाळ काही एका गालात थांबत नाही. तरीही सगळा दोष चुन्यावर ढकलणे मला पटत नाही; हिरडी आधीपासून सुजलेली होती, घास त्याच बाजूने चावला जात होता, आणि या सर्वांचा वाटा वेगवेगळा मोजता येत नाही.

कडा सुजून ठिसूळ झाल्या असल्याने पुन्हा टाके घालण्याचा मोह टाळला, जखम सलाइनने धुतली आणि ती तळापासून भरू दिली. वेळ जास्त लागला, पण भरली.

काही महिन्यांनी त्यांची दुसऱ्या बाजूची दाढ काढताना मी पॉलिप्रॉपिलीनचा निळा धागा वापरला. तो एकेरी व गुळगुळीत असतो, लाळ शोषत नाही आणि चुन्यालाही दाद देत नाही. रेशमाची गाठ मऊ बसते खरी, पण विणलेले रेशीम लाळ ओढून घेते. कॅटगट तर जनावरांच्या आतड्यापासून केलेले असल्यामुळे अशा तोंडातील विकरे ते लवकर पचवतात, म्हणून तो विचार केलाच नाही. पॉलिप्रॉपिलीनची टोके ताठ राहतात, त्यामुळे गाठी गालाकडे वळवून बांधल्या. सातव्या दिवशी ते आले तेव्हा सगळे टाके मला कात्रीनेच काढावे लागले. या वेळची तक्रार गाल टोचल्याची होती. तंबाखू अर्थातच चालू होती.