हीवर कॅसल: ॲनचं माहेर, आणि त्यानंतरचे मालक

लंडन ब्रिज स्टेशनहून अकफिल्डची गाडी पकडली आणि पाऊण तासाच्या आसपास हीवरला उतरले. स्टेशनवर टॅक्सी मिळत नाही. शेतांमधून दीडेक किलोमीटरची पायवाट आहे, पावसानंतर चिखल असतो, चांगले बूट घाला. सोबत वयस्कर माणसं असतील तर एडनब्रिज टाउनला उतरा आणि टॅक्सी आधीच ठरवून ठेवा.

रायगड-प्रतापगड डोळ्यांपुढे ठेवून जाऊ नका. हा खंदकाने वेढलेला दगडी वाडा आहे. लंडनचा महापौर राहिलेल्या जेफ्री बोलिनने तो १४६२ मध्ये घेतला. त्याच्या नातवाची मुलगी ॲन बोलिन, इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीची दुसरी राणी.

तिकीट काढण्याआधी शेजारच्या सेंट पीटर चर्चमध्ये जाच. ॲनचे वडील थॉमस तिथे पुरलेले आहेत. कबरीवरच्या पितळी पत्र्यात ते पूर्ण दरबारी झग्यात कोरलेत. मे १५३६ मध्ये जावयानेच, म्हणजे हेन्रीने, त्यांचा मुलगा आणि मुलगी, दोघांचा दोन दिवसांच्या अंतराने शिरच्छेद करवला. त्यानंतर हा बाप तीन वर्षं जगला. मी तिथे बराच वेळ उभी होते.

थॉमस गेल्यावर वाडा राजाकडे गेला आणि १५४० मध्ये हेन्रीने तो चौथ्या राणीला, क्लीव्हजच्या ॲनला, सहा महिन्यांत लग्न रद्द करताना दिला. एकीचं माहेर दुसरीच्या पोटगीत! पुढे वॉल्डग्रेव्ह, हम्फ्रीज, मीड-वाल्डो अशी घराणी आली. शेवटी शेवटी तर कुळं राहायची.

पडझडीला लागलेला वाडा १९०३ मध्ये विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टर या अमेरिकेत जन्मलेल्या धनाढ्याने घेतला. मला त्याचं कौतुक वाटतं ते यासाठी की मूळ वाड्याला मजले न चढवता पाहुण्यांसाठी त्याने मागे ट्यूडर, म्हणजे हेन्रीच्या काळच्या, धाटणीची अख्खी वस्ती उभारली. बागेपलीकडचा ३८ एकरांचा तलावही त्यानेच सुमारे ८०० मजुरांकडून दोन वर्षांत खोदून घेतला. ॲस्टर कुटुंबाने १९८३ मध्ये सगळी मालमत्ता ब्रॉडलँड प्रॉपर्टीज कंपनीला विकली.

वाड्यात ॲन बोलिनच्या सहीच्या दोन प्रार्थनापोथ्या आहेत. एकीत तिच्या हातची फ्रेंच ओळ आहे, ‘वेळ येईल’. अक्षर बारीक आहे, काचेजवळ वाकून बघा.

बाग वाड्याच्या आधी उघडते, म्हणून सकाळी तलावापर्यंत चालून या. जिने अरुंद, गोल आहेत. पाठीवरची मोठी बॅग आणू नका. परतीची गाडी तासाला एकच असते, वेळ बघूनच निघा.