सिरीज म्हणजे कुठली सिरीज?

गणपतीला बारा दिवस राहिले होते आणि माझ्यासमोर रोषणाईच्या माळेचं माहितीपत्रक पडलं होतं. घड्या घातलेला एकच कागद, दोन्ही बाजूंना मिळून सहा भाषा, मराठीच्या वाट्याला तळहाताएवढी जागा. संध्याकाळी सहाला फाइल छापखान्यात जायची होती.

दादरला एका भाषांतर कचेरीत मी शेवटचं वाचन करते. भाषांतर बाहेरून होऊन येतं, त्यातलं निम्मं हल्ली सॉफ्टवेअरनंच सुचवलेलं असतं. माझ्या हाताखालून गेलं की थेट छपाई. अकराचा चहा घेत वाचायला बसले आणि दुसऱ्याच वाक्याला ठसका लागला.

"या मालिकेतील दिवे मालिकेत जोडलेले आहेत."

आमच्या घरी आठ वाजता सासूबाई टीव्ही लावतात, तेव्हा दिवे मालिकेत जाऊन बसल्याचं चित्र डोळ्यांपुढे आलं. पुढे होतं, "तीनपेक्षा अधिक माळा मालिकेत जोडू नयेत." आणि शेवटी, "बिघाड असल्यास लुकलुकण्याची तीन वेळांची मालिका दिसेल." मूळ इंग्रजीत चारही जागी एकच शब्द, सीरीज. मराठीतही चारही जागी एकच.

भाषांतर करणाऱ्या मुलीला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, टर्मबेसमध्ये तेच मंजूर आहे. बदललं की क्यूए लाल होतं. मागच्या वेळी माझे पैसे कापले होते."

टर्मबेस म्हणजे कुठल्या इंग्रजी शब्दाला कुठला मराठी शब्द वापरायचा याची आमची मंजूर यादी, आणि क्यूए म्हणजे भाषांतर त्या यादीशी ताडून पाहणारी तपासणी. मी टर्मबेस उघडला. सीरीज म्हणजे मालिका, मंजूर, आणि नोंद करणाऱ्याच्या रकान्यात माझंच नाव. तेव्हा क्रिकेटचं काम चालू होतं. कसोटी मालिका, एकदिवसीय मालिका. मी घाईत एक शब्द भरला, खूण केली आणि विसरून गेले. त्यानंतर तो शब्द मिक्सरच्या कागदांत, विम्याच्या पत्रकांत आणि देव जाणे कशाकशात शिरला असेल. पोरीवर चढवलेला आवाज मला गिळावा लागला.

तसा मालिका हा काही वाईट शब्द नाही. नोटांची महात्मा गांधी मालिका १९९६ मध्ये आली, नवीन मालिका २०१६ मध्ये. आरटीओत गाडीच्या नंबराची नवी मालिका सुरू होते. पण न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केली ती व्याख्यानमाला, मालिका नव्हे. वर्तमानपत्रात लेखमाला येते आणि चोऱ्यांचं मात्र सत्र चालतं. १२ मार्च १९९३ ला मुंबईत झाले ते साखळी बॉम्बस्फोट, हे इथल्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही. रसायनशास्त्रात धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी. दहावीच्या गणितात आकडे नुसते क्रमानं मांडले की क्रमिका, आणि त्यांच्यातला फरक सारखा असला की अंकगणिती श्रेढी. हा श्रेढी शब्द तर भास्कराचार्यांच्या लीलावतीतही आहे, म्हणजे निदान ११५० सालचा. एवढं सगळं घरात असताना जाहिरातवाले हिंदीतून शृंखला उचलून आणतात आणि "साड्यांची नवी शृंखला" म्हणतात. मराठीत शृंखला म्हटलं की मला कैद्याच्या पायातल्या बेड्याच आठवतात. असो.

आणि विजेच्या जोडणीला शाळेत आपण सगळेच शिकलो तो शब्द आहे, एकसर. एकसर जोडणी आणि समांतर जोडणी. माझ्या आजीच्या गळ्यात एकसर होता, एकाच सराचा, मणी एकामागे एक ओवलेले. लॅटिनमध्ये सीरीजच्या मुळाशी जे क्रियापद आहे त्याचाही अर्थ जोडणं, गुंफणं असाच. पाठ्यपुस्तकासाठी हा शब्द ज्यानं कुणी निवडला त्याला कान होता. विद्युतप्रवाह धाग्यासारखा प्रत्येक दिव्यातून जातो; कुठेही तुटला की सगळे मणी ओघळले.

मी खुशीत दुसऱ्या वाक्यात एकसर घातलं. त्याच झपाट्यात तिसऱ्यातही घातलं, "तीनपेक्षा अधिक माळा एकसर जोडू नयेत," आणि स्वतःवरच खूश झाले.

कागदावरची आकृती मात्र वाक्याशी जुळेना. त्यात माळेच्या दुसऱ्या टोकाला चक्क एक सॉकेट होतं. माल मागवणाऱ्या व्यापाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "या ना मॅडम, माल बघूनच घ्या." दुकान लोहार चाळीत. जेवणाचा डबा तसाच ठेवून मरीन लाइन्सची गाडी पकडली आणि प्रिन्सेस स्ट्रीटनं चालत गेले. गणपतीच्या आधीची लोहार चाळ म्हणजे खांद्याला खांदा. डोक्यावर खोकी घेतलेले हमाल "बाजू, बाजू" करत अंगावर येतात, आणि दोन्ही बाजूंना भर दुपारी हजारो दिवे लुकलुकत असतात.

दुकानाच्या मागच्या बाजूला एक वयस्क वायरमन स्टुलावर बसले होते. समोर लाकडी फळी, तिच्यावर एक होल्डर, त्यात शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि शेजारी एक सॉकेट. कुणाची तरी इस्त्री त्यांनी सॉकेटला लावली, बटण दाबलं आणि बल्ब लख्ख पेटला. इस्त्रीचं बटण बंद केलं, तरी बल्ब तसाच. "आत शॉर्ट आहे," म्हणत त्यांनी ती बाजूला सारली. इस्त्री त्या बल्बच्या मागे जोडलेली असते, म्हणून आत शॉर्ट असला तरी फ्यूज उडत नाही, नुसता बल्ब पेटतो.

"काका, ही एकसर जोडणी ना?" मी माझं ज्ञान पाजळलं.

"एकसर? हां, शाळेत होतं तसलं काहीतरी." ते हसले. "आम्ही सिरीज म्हणतो. हा सिरीज बोर्ड. ती टांगलीय तीपण सिरीज. तुम्हाला कुठली सिरीज पायजे ताई?"

मी कागद पुढे केला. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी वाचला आणि तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे कोणी लिवलं?"

"मीच."

"चूक आहे."

मग त्यांनी तीन माळा काढल्या. पहिलीच्या शेपटीला दुसरी, दुसरीच्या शेपटीला तिसरी लावली आणि बटण दाबलं. तिन्ही पेटल्या. नंतर मधल्या माळेतला एक दिवा उपटला. त्या माळेचा थोडासा तुकडा विझला, बाकी दोन्ही माळा तशाच चालू. "पूर्वीच्या माळेत सहा-सहा व्होल्टचे चाळीस दिवे एका दोरीत असायचे. सहा चोक चोवीस, त्यावर शून्य, दोनशे चाळीस, झाली मेनची सप्लाय. एक गेला की सगळी माळ गार. मग बसा एकेक दिवा बदलून बघत. मंडळाची पोरं रात्रभर तेच करायची. ती खरी सिरीज. आता ह्या तिन्ही सिरीज असत्या तर तिन्ही विझल्या असत्या ना? आणि पेटल्याच असत्या तर मिणमिणत, व्होल्टेज वाटून गेलं असतं. ही पॅरलल आहे ताई. नुसती एकामागे एक लावलीय, म्हणून इंग्रजीवाल्यानं सिरीज लिवलंय."

माझे कान गरम झाले. मी मालिकेला हसले होते, पण मालिका फक्त हास्यास्पद होती. माझं एकसर धोक्याचं होतं. तिन्ही माळांचा लोड पहिल्या माळेच्या वायरीतून जातो, म्हणून तीनची मर्यादा. एखाद्या जाणत्या माणसानं "एकसर तीनच" वाचलं असतं तर समांतर कितीही चालतात असा उलटा अर्थ काढला असता, आणि दहा माळा मखरावर चढवल्या असत्या. काकांनी पहिल्या माळेची पिन माझ्या हातात दिली. तीनच माळांवर ती कोमट लागत होती.

तिथेच काउंटरवर, वायरीची भेंडोळी बाजूला सारून, वाक्यं पुन्हा लिहिली. "या प्रकारच्या माळांमध्ये दिव्यांचे गट एकसर जोडलेले आहेत." "एका माळेच्या टोकाला दुसरी, अशा तीनच माळा जोडाव्यात." "बिघाड असल्यास दिवे लागोपाठ तीनदा लुकलुकतील." कंट्रोलरला आठ तऱ्हा होत्या, त्यातल्या सिक्वेन्शियलला आमच्याकडून "अनुक्रमिक" गेलं होतं. काकांनी बटण दाबून ती तऱ्हा दाखवली. आधी लाल, मग हिरवे, मग निळे. मी "पाठोपाठ" लिहिलं. जागाही कमी लागली.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली आणि डोक्यात तेच चक्र. चळत म्हटलं की नाणी किंवा पुऱ्या एकावर एक. थप्पी म्हटलं की विटा किंवा गोणी. पंगतीत माणसं शेजारी-शेजारी, तीही जेवायला बसलेलीच. उतरंडीत तर मडकी मोठ्यापासून लहानापर्यंतच रचायची, क्रम चुकला की कोसळली. आपले हे शब्द वस्तू कशी मांडलीय ते दाखवतात. इंग्रजीतलं सीरीज नुसतं "एकापुढे एक काहीतरी" म्हणून मोकळं होतं. त्याचं तर अनेकवचनही वेगळं नाही, एक सीरीज असो की दहा. अशा शब्दाला एकच मराठी शब्द बांधून देणं ही माझी जुनी चूक, आणि ती करताना मला सुसूत्रतेचा अभिमानही वाटला होता.

पावणेसहाला फाइल चढवली. क्यूएनं इमानानं चार लाल खुणा दाखवल्या, संज्ञा विसंगत. चारही ठिकाणी "दुर्लक्ष करा" दाबलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, माल पाहून ठरवले. मग टर्मबेसमधली माझी नोंद काढून टाकायला गेले. नोंद रिकामी ठेवता येत नाही, असं उत्तर आलं. शेवटी मालिका तशीच ठेवून पुढे "फक्त क्रिकेट, टीव्ही, नोटा व गाड्यांचे नंबर" अशी टीप घातली आणि त्या मुलीला फोन करून सांगितलं की या कामाचे पैसे कापले जाणार नाहीत.

चार दिवसांनी छापील नमुना आला. कागदावर माझी वाक्यं जशीच्या तशी होती. खोक्यावर मात्र व्यापाऱ्यानं आम्हाला न विचारता ठळक देवनागरीत छापलं होतं, "एलईडी सिरीज". कोऑर्डिनेटर विचारत होती, हरकत घ्यायची का? मी म्हटलं, राहू दे, गिऱ्हाईक दुकानात तेच मागतं.