शिवाजी पेठेतून ओल्ड ट्रॅफर्डला

मँचेस्टरहून कोल्हापूरला येऊन आठवडा झाला, तरी तालमीच्या कट्ट्यावर बसलो की पोरं तेच विचारत्यात, मँचेस्टर युनायटेड क्लबच्या म्युझियममध्ये काय काय बघितलंस सांग. शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मॅचेस बघत वाढलेल्या माणसाला युनायटेडचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड म्हणजे पंढरीच की! १९९९ च्या ट्रेबलचे, म्हणजे एकाच सीझनला जिंकलेल्या तीन मोठ्या स्पर्धांचे कप बघितले, लई भारी वाटलं, फोटो काढले. पण पाय अडकले ते म्युनिकच्या भागात. ६ फेब्रुवारी १९५८, युनायटेडची टीम बेलग्रेडहून युरोपियन कपची (युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा) मॅच खेळून परत येत होती, म्युनिकला टेकऑफ घेताना विमान कोसळलं आणि २३ माणसं गेली, त्यात ८ खेळाडू. त्यातला डंकन एडवर्ड्स १५ दिवस दवाखान्यात झुंजून गेला, वय फक्त २१. आमच्या पेठेच्या टीममधली पोरं याच वयाची आहेत ओ, पोटात कालवलं एकदम. बाहेर भिंतीवर एक साधं घड्याळ आहे, त्यावर ती तारीख आणि म्युनिक, एवढंच लिहिलंय, मी किती वेळ तिथंच उभा होतो. आणि बरोबर १० वर्षांनी, १९६८ ला, त्या अपघातातनं वाचलेले बॉबी चार्लटन आणि बिल फोक्स लंडनच्या वेम्बली मैदानावर पोर्तुगालच्या बेनफिका क्लबला ४-१ हरवून तोच कप उचलतात!

आमच्या तालमीतपण जुन्या ढाली, पिवळे पडलेले ग्रुप फोटो कपाटात धूळ खात पडलेत. रविवारी चावी मागून घेतलीय, आधी म्हाताऱ्या खेळाडूंना बोलवून फोटोमागं नावं लिहून घेणार.