मी काच फिरवायला शिकले

कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, वर्षाअखेरीचं सगळ्यात नकोसं काम कुठलं? ब्रेकेजचं रजिस्टर, म्हणजे फुटक्या सामानाची नोंदवही. कराडच्या आमच्या कॉलेजात ते माझ्याकडे आहे. टेस्ट ट्यूब, बीकर फुटले तर त्याचं फार वाईट वाटत नाही. पण लीबिग कंडेन्सरला (आतल्या नळीतली वाफ बाहेरच्या नळीतल्या पाण्याने थंड करणारं उपकरण) पाण्याची रबरी नळी लावायची तेवढीच टोटी मोडलेली असते, द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडणाऱ्या ब्युरेटचं फक्त टोक गेलेलं असतं, दोन तोंडांच्या फ्लास्कच्या एकाच तोंडाचा टवका उडालेला असतो, आणि बाकी काच अगदी धडधाकट. असं सामान निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून काढून टाकायच्या, खोक्यात टाकताना जिवावर येतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांत काचकामाचा स्वतःचा विभाग असतो. आमच्यासारख्या कॉलेजला दुरुस्तीसाठी काच बाहेरगावी पाठवणं परवडत नाही, आणि पाठवली तरी ती धड पोचेल याची खात्री नसते.

म्हणून हे काम आपणच शिकायचं, असं मी मनावर घेतलं.

कराडात राहून काचकाम शिकायला कुठे जायचं, हा प्रश्न आमच्या आजोबांच्या पिढीला पडलाच नसता. कराडचं रेल्वे स्टेशन ज्या ओगलेवाडीत आहे, तिथेच १९१६ साली ओगल्यांचा काच कारखाना उभा राहिला. आधी १९०८ मध्ये तळेगावला लोकवर्गणीतल्या पैसा फंडाचा काच कारखाना, मग हा. गावोगावी ओट्यावर नि गोठ्यात टांगलेला प्रभाकर कंदील इथलाच. आता तिथे त्या भट्ट्या नाहीत. पण ज्यांच्या घरात ते काम होतं अशी माणसं अजून आहेत, आणि चौकशी करता करता मला अण्णा भेटले. त्यांचे वडील भट्टीवर होते. अण्णांनी स्वतः उमेदीची सगळी वर्षं मुंबईत प्रयोगशाळेची उपकरणं बनवण्यात घालवली आणि निवृत्त होऊन ते गावी आले. वडिलांची काच वेगळी, अण्णांची वेगळी. भट्टीवर वितळलेल्या काचेचा गोळा लांब नळीच्या टोकावर घेऊन फुंकतात. अण्णांच्या कामात कच्चा माल म्हणजे तयार काचनळी. ती बर्नरवर मऊ करायची आणि तिला आकार द्यायचा.

मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी बर्नर पेटेल. अण्णांनी हातात दिल्या दोन थंड काचनळ्या, मध्ये फडक्याच्या पट्टीने जोडलेल्या. डावा हात वरून, तळवा खाली. उजवा हात खालून, पेन धरावं तशी नळी धरलेली. आणि दोन्ही नळ्या एकाच दिशेने, एकाच गतीने फिरवायच्या. फडक्याला पीळ पडला, की एक हात पुढे गेला किंवा मागे राहिला. बस, एवढंच. टीव्ही बघताना, फोनवर बोलताना, कुकरच्या शिट्टीची वाट बघताना मी त्या नळ्या फिरवत असायची. "ताई, फुंकर कुणालाही मारता येते," अण्णा म्हणायचे, "हात फिरला पाहिजे."

यातलं तथ्य बर्नर पेटल्यावर कळलं. मऊ झालेली काच मधासारखी खाली ओघळते. नळी फिरती असेल तर ओघळायला लागलेली बाजू लगेच वर येते आणि वजन चहूबाजूंना सारखं राहतं. हात क्षणभर थांबला की नळी वाकते, आणि दोन हातांची गती वेगळी झाली की मऊ भागाला पीळ बसतो. माझ्या मते या कलेतलं निम्म्याहून जास्त कौशल्य या फिरवण्यात आहे. बाहेरच्या माणसाला मात्र फुंकरच दिसते.

कुठली काच, हा पुढचा धडा. प्रयोगशाळेतली चांगली उपकरणं बोरोसिलिकेट काचेची असतात. तिच्यात साधारण ८० टक्के सिलिका आणि १३ टक्क्यांच्या आसपास बोरिक ऑक्साइड असतं. बाटल्यांची, खिडक्यांची काच सोडा आणि चुना घालून केलेली असते. दोन्ही दिसायला सारख्या, पण तापल्यावर फुगण्याचं प्रमाण फार वेगळं. एक मीटर लांबीची नळी १०० अंशांनी तापवली तर बोरोसिलिकेट सुमारे ०.३३ मिलिमीटर वाढते, सोडा काच साधारण ०.९ मिलिमीटर. म्हणून या दोघींचा सांधा गरम असताना छान दिसतो आणि थंड होताना तडकतो. त्याला हाताची सफाई उपयोगाची नाही. ओळखायची सोपी युक्ती आमच्या प्रयोगशाळेतच होती. तुकडा ग्लिसरीनमध्ये बुडवायचा. बोरोसिलिकेट आणि ग्लिसरीन यांचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) जवळजवळ सारखाच, १.४७ च्या आसपास, त्यामुळे तुकडा बघता बघता नाहीसा होतो. सोडा काचेचा साधारण १.५२, तिच्या कडा दिसत राहतात. विद्यार्थ्यांना हे दाखवलं की मुलं पुन्हा पुन्हा तुकडा बुडवून बघतात. मीही बघितला होता.

जाता जाता वाळूचं सांगते, कारण घरी सगळ्यांनी हाच प्रश्न विचारला: कृष्णा-कोयनेची एवढी वाळू असताना काचेला बाहेरची वाळू कशाला? आपल्या नद्या काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसॉल्टमधून वाहतात. त्यांच्या वाळूत लोह भरपूर. थोड्याशा लोहानेही काचेला हिरवट झाक येते. स्वच्छ काचेला पांढरी, जवळजवळ निव्वळ सिलिकेची वाळू लागते. तशी वाळू आपल्या राज्यात सिंधुदुर्गात कासार्ड्याला निघते.

आता बर्नर. सोडा काच सातशे अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, बोरोसिलिकेटला आठशे वीसच्या आसपास पोचावं लागतं, आणि सहज वळेल अशी व्हायला १,२५० अंशांपर्यंत. नुसत्या गॅसच्या ज्योतीला हे जमत नाही, जोडीला ऑक्सिजन लागतो. प्राचार्यांची परवानगी, ऑक्सिजन सिलिंडर भिंतीला साखळीने बांधणं, ज्योत नळीतून उलटी शिरू नये म्हणून दोन्ही नळ्यांवर झडपा, हवा खेळती असलेली खोली, हाताशी अग्निशामक, हे सगळं आधी झालं. यातलं काहीही कुणी टाळू नये. चष्म्याचंही तसंच. तापलेल्या काचेतला सोडियम भगभगीत पिवळा प्रकाश फेकतो आणि त्यामागे काच कुठे मऊ झाली ते दिसतच नाही. डिडिमियम काचेचा चष्मा नेमका तो पिवळा प्रकाश अडवतो. तो पहिल्यांदा डोळ्यांवर चढवला तेव्हा ज्योतीतला पिवळा लोळ विझल्यासारखा झाला आणि आतली लालसर काच स्वच्छ दिसली. आधी जे अंदाजाने चाललं होतं ते डोळ्यांसमोर आलं.

सरळ जोड मी बऱ्यापैकी लवकर शिकले. दोन नळ्यांची तोंडं तापवायची, टेकवायची, किंचित ओढायची. एका टोकाला बूच, दुसऱ्या टोकाला पातळ रबरी नळी, तिचं टोक तोंडात. इथे मात्र फुंकरीचं गुपित आहे, आणि ते मला सगळ्यात आवडतं. ज्योतीत असताना फुंकायचं नाही. सांधा मऊ झाला की ज्योतीबाहेर काढायचा, फिरवतच, क्षणभर थांबायचं आणि मग हलकी फुंकर घालायची. त्या क्षणात पातळ भाग आधी थंड होऊन आखडतो, जाड भाग मऊच राहतो. फुंकर लागते ती त्या जाड भागाला. तो फुगतो, पातळ होतो, आणि भिंत आपोआप एकसारखी होत जाते. पुन्हा ज्योतीत धरायचं, काच आकसू द्यायची, पुन्हा बाहेर काढून फुंकायचं. असं केलं की सांध्याची रेघसुद्धा शिल्लक राहत नाही. अण्णा अशा सांध्यावरून नख फिरवून बघायचे. नख अडलं की म्हणायचे, "अजून आहे." नाही अडलं तर काहीच बोलायचे नाहीत, पुढची नळी हातात द्यायचे.

मग टी-जोड. नळीची एक बाजू टोकदार ज्योतीने तापवून तेवढाच फुगा काढायचा. तो इतका पातळ की चिमट्याने टोचला की गळून पडतो. भोकाची कड तापवून गोल करायची, तिच्यावर दुसरी नळी बसवायची. हा सांधा फिरवता येत नाही, म्हणून त्याचा एकेक पाव भाग तापवत नि फुंकत जायचं. आणि तेवढ्या वेळात बाकीचा सांधा थंड पडू द्यायचा नाही. यात मी बराच काळ अडकून होते, आणि त्याचं कारण हात नव्हता, धीर होता. एक बाजू छान जमते आहे असं दिसलं की तिथेच रमावंसं वाटतं. तोवर मागची बाजू गार.

काच जोडून झाली म्हणजे काम झालं, असं नाही. बाहेरचा थर आधी थंड होऊन घट्ट होतो, आतला नंतर आकसतो, आणि ती ओढाताण काचेत कायमची कोंडून राहते. असं उपकरण आठवडाभर शेल्फवर नीट राहतं आणि एखाद्या सकाळी कुणी हातही न लावता तडकतं. म्हणून आधी ऑक्सिजन बंद करून पिवळ्या, काजळी धरणाऱ्या ज्योतीत सांधा हळूहळू उतरवायचा. काच काळी होते, ती काजळी नंतर भट्टीत जळून जाते. मग आमची मफल फर्नेस, म्हणजे प्रयोगशाळेतली छोटी बंद भट्टी. ५६० अंशांवर थोडा वेळ ठेवायचं, ओढाताण सैल होऊ द्यायची, आणि दार न उघडता भट्टी आपल्या गतीने थंड होऊ द्यायची. मी संध्याकाळी लावते आणि दुसऱ्या दिवशी काढते. ताण राहिलाय का ते बघायला ध्रुवीकरणाच्या दोन पट्ट्या पुरतात. एकमेकींना आडव्या धरल्या की सगळं काळं दिसतं. त्यांच्यामध्ये काच धरली आणि सांध्याशी पांढरा उजेड फाकला, तर तो ताण. भट्टीतून आलेला चांगला तुकडा काळाच राहतो.

कंडेन्सरची टोटी मी हे सगळं हातात आल्यावरच घेतली. दिसायला साधा टी-जोड, पण टोटीच्या अगदी जवळ आतली नळी बाहेरच्या नळीला जोडलेली असते. फक्त टोटीवर ज्योत रोखली तर तो आतला सांधा तडकणार. त्यामुळे ते सबंध टोक मवाळ ज्योतीत सावकाश तापवून घेतलं, मग मोडक्या टोटीचा खडबडीत भाग तापलेल्या काचकांडीला चिकटवून ओढून काढला, कड उघडली, नवी नळी बसवली. बाकी तोंडांना बुचं होतीच. अण्णा शेजारी उभे होते आणि त्यांनी हात पुढे केला नाही. भट्टीतून निघाल्यावर पट्ट्यांमध्ये धरला, काळा दिसला. नळाचं पाणी पूर्ण सोडून बघितलं, थेंब गळला नाही. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो नोकरीतल्या इतक्या वर्षांत कुठल्याच कामाने दिला नव्हता.

आता टोट्या, ब्युरेटची टोकं, टवके उडालेल्या कडा मी करते. तयार बी-१९ किंवा बी-२४ मापाचे, एकमेकांत घट्ट बसणारे घासलेल्या काचेचे जॉइंट विकत आणून फ्लास्कच्या मानेवर चढवते. काही कामं मी घेत नाही. भेग लांबवर गेलेला फ्लास्क, निर्वात पंपाला लावायचं भांडं, आणि जुनी होऊन ज्योतीत तुरटीसारखी पांढरट पडणारी काच. आत काय होतं ते माहीत नसलेली भांडी तर अजिबात नाही. आत द्रावकाची थोडी वाफ राहिली असेल तर ज्योतीपाशी स्फोट होतो, आणि क्षारांचा थर असेल तर तो काचेत कायमचा भाजून बसतो.

सध्या अण्णांकडे आतला सांधा शिकते आहे. नळीतून नळी आरपार न्यायची आणि दोन्ही एकत्र जोडायच्या, दोन पोकळ्यांतली हवा वेगवेगळी सांभाळत. तो आला की अख्खा कंडेन्सर कराडातच बनेल. सातारा-सांगलीकडच्या कुठल्या प्रयोगशाळेत अशी खोकी पडून असतील, तर निर्लेखनाच्या यादीवर सही होण्याआधी त्यातली बोरोसिलिकेट काच वेगळी काढा, स्वच्छ धुऊन कोरडी करा, आणि आत शेवटी काय होतं त्याची चिठ्ठी बांधून ठेवा.