झोपलेला एचटीपीसी दुरून जागा करणे : वीज जाऊन आल्यानंतरही

हॉलमधल्या होम थिएटर पीसीची ही पुढची नोंद. घरातल्या मोबाइलवरून तो जागा करण्याचे काम मागेच मार्गी लागले होते. आता तो अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कामाच्या जागेवरूनही जागा होतो, आणि मधल्या वेळेत वीज जाऊन आलेली असली तरीही होतो. यातला दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण वेक-ऑन-लॅनची (झोपलेला पीसी नेटवर्कवरून जागा करण्याच्या सोयीची) बहुतेक मार्गदर्शने अखंड वीजपुरवठा गृहीत धरून लिहिलेली असतात आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ते गृहीतक टिकत नाही.

पीसी दिवसभर चालू ठेवण्याचा पर्याय मी विचारातच घेतला नाही. मे महिन्यात येथे पारा ४४ अंशांच्या आसपास जातो आणि टीव्हीखालच्या बंद कपाटात त्याहून अधिक उष्णता साठते. अशा जागी हार्ड डिस्क विनाकारण फिरत ठेवणे मला पटत नाही. म्हणून वीस मिनिटे वापर नसेल तर पीसी एस-३ अवस्थेत, म्हणजे फक्त रॅमला वीज मिळत राहील अशा झोपेत जातो.

या झोपेतही पॉवर सप्लायची ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन चालू असते आणि तिच्यावर नेटवर्क कार्ड पहारा देत असते. त्याला हवे असते ते मॅजिक पॅकेट, म्हणजे जागे करणारा ठरावीक संदेश : सुरुवातीला एफएफ या मूल्याचे ६ बाइट आणि त्यामागे त्या कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) सलग १६ वेळा, म्हणजे एकूण १०२ बाइट. पीसी झोपलेला असताना त्याला स्वतःचा आयपी पत्ता सांगता येत नाही, म्हणून हे पॅकेट स्थानिक नेटवर्कवर ब्रॉडकास्ट करावे, म्हणजे सर्व यंत्रांना एकदम पाठवावे लागते. कार्ड खरोखर सज्ज आहे की नाही, हे पाहण्याची सर्वांत सोपी खूण पीसीच्या मागच्या बाजूला मिळते. झोपल्यावर लॅन पोर्टचा दिवा जळत राहिला तर कार्ड ऐकते आहे. तो पूर्ण विझला तर कोणतेही ॲप वापरून उपयोग नाही. माझ्या बोर्डावर झोपताना हा दिवा क्षणभर विझतो आणि पुन्हा लागतो, कारण वीज वाचवण्यासाठी कार्ड गिगाबिटवरून कमी वेगावर उतरते.

आता विजेकडे वळतो. पुरवठा खंडित होताच एस-३ मधली रॅम रिकामी होते, स्टँडबाय लाइनही बंद पडते आणि कार्डाला दिलेली सज्जतेची सूचना पुसली जाते. वीज परत आली तरी पीसी पूर्ण बंद अवस्थेत राहतो, पोर्टचा दिवा विझलेला असतो आणि पाठवलेली पॅकेटे वाया जातात. यावर उपाय असा केला की बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय निवडला. ‘शेवटची स्थिती’ हा पर्याय मी टाळला, कारण झोपेतली स्थिती चालू समजायची की बंद, याबाबत सर्व बोर्ड सारखे वागत नाहीत. पीसी चालू झाला की सिस्टमडीच्या (लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) लिंक फाइलमधील ‘वेकऑनलॅन=मॅजिक’ ही ओळ कार्डाला पुन्हा सज्ज करते आणि वीस मिनिटांनी पीसी स्वतःहून झोपतो. इथटूल या नेटवर्क कार्डाच्या साधनाने हाताने दिलेली आज्ञा रीस्टार्टनंतर टिकेलच असे नाही; त्यामुळे ही ओळ कायमची लिहून ठेवणेच योग्य. बायोसमधील ईआरपी हा पर्यायही बंद ठेवला आहे. युरोपीय संघाच्या वीजबचतीच्या नियमांसाठी तो दिलेला असतो आणि पीसी बंद असताना तो कार्डाची वीजही तोडतो.

घराबाहेरून जागे करण्यात निराळी अडचण होती. आमचे ब्रॉडबँड कनेक्शन सीजीनॅटमागे (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या व्यवस्थेमागे) असल्याने राउटरला सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून आलेले पॅकेट राउटरने आत पाठवण्याचा मार्ग उपलब्धच नव्हता. तो असता, तरी झोपलेल्या पीसीची एआरपी नोंद (आयपी पत्ता आणि मॅक पत्ता यांची जोडी) राउटरमधून काही वेळाने निघून जाते आणि पॅकेट मध्येच अडकते. म्हणून सदैव चालू राहणारा एक रास्पबेरी पाय (छोटा एका बोर्डाचा संगणक) राउटरशेजारी ठेवला. मी टेलस्केल या खासगी नेटवर्क (व्हीपीएन) सेवेवरून त्याच्यात एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा देण्याच्या सुरक्षित जोडणीने शिरतो आणि पॅकेट तो घरातूनच पाठवतो. टेलस्केल ब्रॉडकास्ट वाहून नेत नाही, त्यामुळे पॅकेट पायवरूनच निघणे आवश्यक आहे.

पाय आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आहेत. पीसी मात्र मेनवरच आहे. इन्व्हर्टरमागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवल्यापासून वीज जाताना पाय रीस्टार्ट होत नाही. ज्यांचा इन्व्हर्टर साध्या मोडवर आहे त्यांनी हा स्विच आधी पाहावा, कारण पंखे आणि दिव्यांना न जाणवणारा क्षणाचा खंड लहान बोर्डाला पुरेसा होतो.

सध्या पॅकेट पाठवल्यावर मी हातानेच पिंग करून (पीसी उत्तर देतो का, हे विचारून) पाहतो. पुढच्या टप्प्यात हे काम पायकडे सोपवायचे आहे : पॅकेट पाठवावे, दोन मिनिटे पिंग करत राहावे आणि उत्तर आले नाही तर घरी मेनची वीज नाही असे मला मोबाइलवर कळवावे. त्यासाठीची स्क्रिप्ट लिहून झाली आहे, चाचणी बाकी आहे.