हेड्रियनचा गरुड नव्हे

जुन्या रोमन काळातल्या नाण्याच्या पाकिटावर सम्राट, टाकसाळ, चित्र आणि वर्ष शाईनं लिहिलं होतं: 'हेड्रियन, अलेक्झांड्रिया, गरुड, वर्ष 50?' चारांपैकी टाकसाळ तेवढी बरोबर निघाली.

वजन 12.86 ग्रॅम, व्यास 23 मिलिमीटर, दोन्ही बाजू एकाच दिशेला सरळ. रंग करडा, झिजलेल्या उंचवट्यांवर तांबूस. म्हणजे तांबं जास्त, चांदी कमी असलेलं, इजिप्तबाहेर न चालणारं टेट्राड्राक्म, म्हणजे चार ड्राख्मांचं नाणं.

पन्नासचा घोळ नेहमीचा. मागच्या बाजूची 'एल'सारखी आकृती 50 चा रोमन आकडा नाही. इजिप्तच्या कागदपत्रांत 'वर्ष' लिहायची ती खूण. आकडा तिच्या पलीकडे, ग्रीक अक्षरात. इथे ते अर्धं झिजलेलं: बीटा (2) की स्टिग्मा (6)? दिवा नाण्याच्या पातळीपासून जेमतेम पंधरा अंश वर धरला आणि नाणं हळूहळू फिरवत गेलो. एका कोनात डावीकडची उभी रेघ सावलीमुळे उठून दिसली. स्टिग्माला अशी रेघ नसते. वर्ष दुसरं.

राजा ठरवताना पाकीटवाला फसला, त्यात नवल नाही. चेहऱ्याभोवतीच्या ग्रीक लेखातली अल्फा, डेल्टा, ऱ्हो एवढीच अक्षरं नीट वाचता येत होती; हेड्रियनचं नाव ग्रीकमध्ये त्यांनीच सुरू होतं. पण पुढचा सम्राट अँटोनायनस पायस हेड्रियनचा दत्तक मुलगा. त्याच्याही नावात ती येतात. म्हणून त्यांच्या लगेच आधी काय आहे ते पाहिलं. दहापट भिंगाखाली लॅम्बडाचे दोन तिरके पाय सापडले. हे अँटोनायनसच्या नावातल्या 'आयलिओस'चं संक्षिप्त रूप. हेड्रियनच्या लेखात त्या जागी 'त्रायानोस' असतं, त्यात लॅम्बडा नाही.

राहिला पक्षी. गरुडाचे पाय आखूड, मांड्या भरीव. याचे पाय बगळ्यासारखे लांब. डोक्याभोवती किरणांची प्रभावळ आणि शेजारी 'आयोन', म्हणजे अनंत काळ. फिनिक्स, मरून पुन्हा जन्मणारा दंतकथेतला पक्षी!

अँटोनायनस 10 जुलै 138 रोजी गादीवर आला. इजिप्तचं वर्ष 29 ऑगस्टला बदलत असल्यामुळे त्याचं पहिलं वर्ष सात आठवड्यांतच संपलं. दुसरं वर्ष ऑगस्ट 138 ते ऑगस्ट 139. राज्यारोहणापासून बारा-बारा महिने मोजत गेलं की इथे जवळजवळ वर्षभराची चूक होते, आणि पक्ष्याचं कारणच हातून सुटतं. 365 दिवसांच्या जुन्या फिरत्या पंचांगाचा वर्षारंभ आणि व्याधाचा पहाटेचा पहिला उदय यांची गाठ 139 च्या जुलैत पुन्हा पडली. हे चक्र साधारण 1460 वर्षांचं; पुन्हा जन्मणारा फिनिक्स त्याचीच खूण.

इतकं सगळं जुळल्यावर मला उलट नाणं नकली असल्याचा संशयच येतो. कडेवर ओतीव जोडाची रेघ किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे नव्हते. पक्ष्याच्या पायांभोवती धातू कोरून खोल केल्याच्या खुणाही नाहीत. गरुडाला फिनिक्स बनवायचा तर कोरीवकाम तिथेच करावं लागतं.

मग छापील चित्रांशी ताडणी. त्यासाठी आधी चेहऱ्याची बाजू घेतो: डोक्याच्या वर नेमकं कोणतं अक्षर येतं, माळेच्या फिती मानेवर कुठे टेकतात. या बाबी जुळल्या तर दोन्ही नाणी ज्यानं पाडली तो ठसा एकच असू शकतो. मात्र झिजेचे ओरखडे आणि काठाची चीरही तंतोतंत जुळली, तर दोहोंपैकी निदान एक नाणं साच्यात ओतलेली नक्कल आहे.