डोळ्यावरची गाठ विषाणूमुळे होते का?

आज ओपीडीत हा प्रश्न पुन्हा आला. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर चामखिळीसारखा पॅपिलोमा येतो, त्याचा एचपीव्ही (चामखीळ आणणारा ह्युमन पॅपिलोमा विषाणू) च्या ६ आणि ११ या प्रकारांशी घट्ट संबंध आहे. बुबुळाच्या कडेला होणाऱ्या स्क्वॅमस (पृष्ठभागावरच्या चपट्या पेशींच्या) कर्करोगाचं तसं नाही. तिथे एचपीव्ही १६ काही नमुन्यांत सापडतो, काहींत अजिबात नाही. ऊन आणि एचआयव्ही हे जास्त ठाम धोके. म्हणून तरुण रुग्णात अशी कर्करोगाची शंका येणारी गाठ दिसली की एचआयव्ही चाचणी हवीच.

अशी गाठ काढताना भोवतीचा सुमारे ४ मिमी निरोगी भागही घ्यायचा. गाठीला थेट चिमटा लावायचा नाही, पेशी आजूबाजूला पसरतात. उरलेल्या कडांना दोनदा क्रायो, म्हणजे अतिथंड करून गोठवणं. आणि कृपा करून, टेरिजियम (पांढऱ्या भागावरून बुबुळावर सरकणारी साधी मांसल वाढ) समजून काढलेला तुकडाही पॅथॉलॉजीला पाठवा. कधीकधी निदान तिथेच बदलतं.